पेंटर देवराव, नागभीड

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात राजा मेला, राणी पळाली, खलनायकाला पोलीस घेऊन गेले, तरी मागचा पडदा जागचा हलत नाही. त्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, वीतभर अक्षरांत लिहिलेलं असतं : पेंटर देवराव, नागभीड. तीस वर्षं हे चाललंय. राजवाड्याच्या पायरीवर तेच नाव, गरिबाच्या कुडावर तेच, आणि जंगलात तर थेट हरणाच्या पायाखाली. नटांची नावं लोक विसरतात, हे मात्र पाठ असतं.

जंगलाचा पडदा ही देवरावांची खासियत. निळा डोंगर, डोंगरावरून धबधबा, खाली तळं, तळ्यात दोन हंस, काठाला नारळ. नागभीडच्या आसपास जंगलाला तोटा नाही. पण तिथे नारळ नाही, आणि हंस तर कोणाच्या आज्यानेही पाहिलेला नाही. कोणी तसं बोललंच, तर देवराव म्हणत, "घरामागचं जंगल पाहाले लोक तिकीट काऊन काढतील? ते तं फुकट दिसते. वरून वाघ खाते ते वेगळं."

पुण्याच्या एका प्रकाशनाची पूर्व विदर्भावर सहा प्रवास-पुस्तकांची मालिका होती. सहाही मुखपृष्ठांवर वाघ. ताडोब्याच्या पुस्तकावर वाघ ठीक. पण कोळशाच्या माजरीवर वाघ, कापसाच्या वरोऱ्यावर वाघ, आणि मार्कंड्याच्या देवळांवर तोच वाघ, फक्त तोंड दुसरीकडे केलेला. वाचक एकच पुस्तक दोनदा घरी नेत आणि मग भांडायला येत. शेवटी ठरलं, नवी मुखपृष्ठं मातीतली हवीत. ती माती शोधायला संपादक नंदिनी वडशाला नाटक बघायला आली, पडद्यावरचं नाव तिने वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागभीडला देवरावांच्या ओसरीवर बसलेली होती.

"काका, तुमच्या रेषेत एक निरागसता आहे."

देवरावांनी बायकोकडे, कमळाबाईंकडे पाहिलं. "शिवी तं नाई ना दिली?"

"नाई, चांगलंच बोलून राह्यली. चा घ्या."

"पण काका, धबधबा नको. हंस नकोत. जे आहे ते काढा. अस्सल."

"बाई, जे हाय ते मी कदी काढलं नाई."

"म्हणून तर," नंदिनी म्हणाली. हे कोणालाच कळलं नाही, बहुधा तिलाही.

देवरावांनी एकच विचारलं, "नाव येईन ना माह्यं?"

"येईल की."

चैत्रात देवराव स्टूल घेऊन जंगलात बसू लागले. पहिले चार दिवस फुकट गेले. साग उघडेबोडके, जमिनीवर वाळका पाचोळा, सगळीकडे फॉरेस्टच्या गणवेशाचा रंग. पाचव्या दिवशी पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया दिसल्या, आणि उजेड वाढत गेला तसा त्यांच्या पाठीमागचा साग राखेचा होता तो तांब्याचा होत गेला. इतकी वर्षं याच वाटेने पडदे बैलगाडीत घालून नेताना हे आपण कसं पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं. मग तो विचार बाजूला सारून त्यांनी तांबडा रंग कालवला. माजरीच्या काळ्या धुळीने जड झालेली बाभूळ त्यांनी काढली. वरोऱ्याच्या रस्त्याकडेला काट्यांना अडकून राहिलेला कापूस काढला. जन्मात पहिल्यांदा एका चित्राला आठ-आठ दिवस लागले.

"निळा रंग संपला का?" कमळाबाई म्हणाल्या. "सारं मातेरंच काढून राह्यले."

सहा चित्रं झाली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात नाव गेलं, पुस्तकाच्या मानाने बारीक.

नंदिनी चित्रांवर फिदा झाली. महिन्याने छपाईचे नमुने आले. देवरावांनी चष्मा पुसून उजवा कोपरा पाहिला. तिथे पाचोळा होता. नाव नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"काका, त्या नावाने मुखपृष्ठाची भाषा बिघडत होती. आत दिलंय ना, चौथ्या पानावर."

चौथ्या पानावर 'अक्षरजुळणी' आणि 'सर्व हक्क राखीव' यांच्या मध्ये मुंगीएवढे देवराव होते.

"हे वाचाले चष्मा नाई, दुर्बीण लागन. अन् वर लेखकाचं नाव तं चार बोटं मोठं हाय."

"ते लेखक आहेत, काका."

"हो. दोन दिवस होता इथी. लघवीले उतरला तेवढाच जीपमधून खाली आला."

"प्रथाच आहे तशी."

"तं मंग माहे चित्रं वापस करा."

"वेडे झाले का?" कमळाबाईंनी फोन ठेवल्यावर विचारलं.

"बिना नावाचा पडदा म्या कदी टांगला नाई."

चित्रं कुरिअरने परत आली. प्रकाशनाने मग माणसांचा नाद सोडला आणि संगणकाला सांगितलं, पूर्व विदर्भातलं अस्सल जंगल काढ. संगणकाने क्षणभर विचार केला आणि काढलं : निळा डोंगर, धबधबा, तळं, दोन हंस, काठाला नारळ. तेच थोडंफार हलवून सहाही पुस्तकांवर बसवलं. दिवाळीला मालिका बाजारात आली.

बसस्टँडवर चहावाल्या झिंगूने पुस्तक हवेत नाचवलं. "देवरावभाऊ! छापला की तुमचा पडदा पुण्यावाल्यानं!"

देवरावांनी पुस्तक हातभर लांब धरून पाहिलं. एका हंसाची मान पाठीतून निघाली होती. दुसऱ्याला पाण्याखाली तीन पाय होते. धबधबा निम्म्यातून नारळात शिरत होता.

"हे माह्यं नाई."

"दुसरा कोन काढते असं?"

"नाव हाय का कुठी?"

"कापलं असन. पुण्यावाले हायत ते."

गावाला हे पटलं. दोन दिवसांत सत्कार समितीही झाली. चौकात फ्लेक्स लागला : 'नागभीडचे भूषण पेंटर देवराव', मागे तीन पायांचा हंस. अभिनंदनाला आलेल्यांनी बसायला जागा हवी म्हणून ओसरीच्या भिंतीला टेकवलेली सहा चित्रं उचलून कोपऱ्यात लावली. एकाने आपुलकीने विचारलंही, "हे अर्धेच राह्यले का, भाऊ?"

"घ्या," कमळाबाई म्हणाल्या, "सारा जनम नाव पाह्यजे होतं. आलं."

शाल घ्यायला जायच्या आदल्या दिवशी देवरावांनी पुण्याला फोन लावला.

"काका! तुमच्या नावाचं माझ्या लक्षात आहे हं. पुढच्या मालिकेत नक्की बघू."

"माह्यं नको, बाई. कोनाचंबी टाका. तुमचं टाका, त्या मशीनचं टाका, जीपवाल्याचं दोनदा टाका. पन टाका, अन् मोठं टाका. इथी लोक ते माह्यंच समजून राह्यले."

पलीकडे नंदिनीचा आवाज एकदम खुलला.

"म्हणजे काका, स्थानिक वाचकांना ते अस्सल वाटतंय?"