कार्डावरचं कुंकू

बाबांनी माझ्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला हळदकुंकू लावलं, ते दसऱ्याच्या सकाळी. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोयता, फावडं, पाण्याची मोटर, स्कूटर, सगळ्यांना झेंडूचं फूल आणि कुंकवाचं बोट. बाबांचं आयुष्य आमच्या मिठागरात गेलेलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

माझं पोट चालतं कॉम्प्युटरवर. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं मी पनवेलच्या बिल्डरांना करून देते. झाडं, गाड्या, बाल्कनीत कॉफी पिणारं जोडपं, सगळं खोटं आणि चकचकीत. ती चित्रं तयार करण्याचं ओझं त्या एका कार्डावर असतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते फार तापतं, म्हणून मी मशीनचं एका बाजूचं झाकण काढूनच ठेवायचे.

बाबा ताट घेऊन आले आणि कुठं लावू म्हणून विचारलं. मी फोनवर होते. एका बिल्डरला क्लबहाउसचं छप्पर निळं हवं होतं आणि मी त्याला पटवत होते की निळं बरं दिसणार नाही. मान वर न करता मी म्हटलं, लावा हो कुठंही. आत सगळ्यात मोठं आणि भारदस्त दिसलं ते कार्ड. बाबांनी पाण्यात बोट बुडवलं आणि कार्डाच्या मधोमध आधी हळद, मग कुंकू लावलं.

दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि दुसऱ्या दिवशी पडदा काळा झाला. दिवाळी म्हणजे नव्या बुकिंगचा हंगाम. तीन बिल्डरांची कामं माझ्याकडे अर्धी पडली होती, आणि बिल्डर कोणासाठी थांबत नाहीत. कार्ड घेऊन वर्षही झालं नव्हतं, वॉरंटी तीन वर्षांची होती. दुकानदार म्हणाला, सर्व्हिस सेंटरला स्वतः घेऊन जा, लवकर बदलून मिळेल. मी डाग पुसून पाहिला. लाल गेला, पण पिवळसर तांबूस काहीतरी राहिलंच.

बाबा सोबत येतो म्हणाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी कुठंही निघाले की त्यांना सोबत यायचं असायचं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खोकं मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसले.

काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट पाहिलं. डागावर बोट ठेवून म्हणाला, रंग वगैरे लागलाय वाटतं, आणि फॉर्म भरायला लागला. मी गप्प राहिले. अगदी ठरवून गप्प राहिले. मागून बाबा पुढे आले.

"रंग नाय साहेब, कुकू हाय," ते म्हणाले. "दसऱ्याला मीच लावलाय, वल्या बोटान. चूक माजी हाय, पोरीची नाय."

त्याचं पेन थांबलं. बाबांच्या मिठागरात सगळा व्यवहार तोंडी असायचा. तिथं चूक कबूल करणाऱ्या माणसाला सांभाळून घेत. आपण खरं सांगितलं की हाही माणूस म्हणेल, जाऊ द्या काका, असं त्यांना वाटलं होतं. त्या माणसाने शांतपणे एक ओळ लिहिली: ग्राहकाकडून पाणी लागलं आहे, वॉरंटी लागू नाही. कार्ड खोक्यात घालून परत दिलं. बाबांनी त्याचे आभारही मानले.

बसस्टॉपवर माझा तोल गेला. मी बोलले ते शब्दाला शब्द आठवतंय, आणि ते लिहिताना आजही लाज वाटते. "तुम्ही हात लावाल तिथं माती होते. मिठागर घालवलंत, आता माझं कामही घालवलंत." मिठागर त्यांनी हौसेने विकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. लावा हो कुठंही, असं कोण म्हणालं होतं, तेही माहीत होतं. बस आल्यावर बाबांनी मला आधी चढू दिलं.

त्या दिवसापासून ते माझ्या खोलीत आले नाहीत. चहा आणायचे, पण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून हाक मारायचे. मला ते कळत होतं. मी तशीच राहिले, कारण रागावलेल्या माणसाला एक ऐट असते आणि ती सोडवत नाही.

मग कोणीतरी पनवेल स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याचं नाव सुचवलं. त्याने माझ्यासमोर कार्ड उघडलं, भिंगाखाली धरलं. पाणी आत शिरलेलंच नव्हतं. डाग वरच्या पत्र्यावरच होता. आतली एक चिप मुळातच कच्ची होती, ती आज ना उद्या जाणारच होती, असं तो म्हणाला. कुंकवाचा काही संबंध नाही, असं त्याने दोनदा सांगितलं.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. काय बोलला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू म्हणाला. खरं सांगितलं असतं तर पाठोपाठ माफी मागावी लागली असती, आणि ती कुठून सुरू करावी ते मला सुचेना. रविवारी जेवताना सांगू, असं ठरवलं. रविवारी पाहुणे आले. पुढच्या बुधवारी सकाळी बाबा मासळी आणायला गेले आणि बाजारातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला सगळा गाव आला. माझी काकू जवळ येऊन बसली. म्हणाली, त्याच्या जिवाला फार लागलं होतं. जो भेटेल त्याला सांगायचा, पोरीचा मशीन मी जाळला.

मी काकूला सांगितलं, की मशीन बाबांमुळे गेलं नव्हतं. आधीपासूनच खराब होतं. रिपेअरवाल्याने तपासून सांगितलं होतं.

काकूने विचारलं, "मंग त्याला नाय सांगितलास?"

वेळच मिळाला नाही, असं मी म्हणाले. मला आठ दिवस मिळाले होते.