पॅकेज बसवलं, परत बसवलं

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. तिथे प्रेस मशीनवर गाड्यांचे पत्र्याचे भाग निघतात. कारखाना शेठच्या बापजाद्यांच्या शेतात उभा आहे. शेठना नव्या मशीनची भारी हौस. मशीन आलं की पाया भरायचा, बोल्ट आवळायचे, हार घालायचा, पेढे वाटायचे. मग ते मशीन त्याच जागेवर म्हातारं होतं.

मध्यंतरी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने सगळ्या पुरवठादारांना कळवलं, की यापुढे क्वालिटी 'डेटावर आधारित' दिसली पाहिजे. म्हणजे नेमकं काय, ते कळवलं नाही. शेठनी वाकडहून एक सल्लागार आणला. त्याने लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एक पान उघडलं.

"सर, ही क्लाउड नोटबुक. कोड इथे लिहायचा, चालतो मात्र दूर कुठेतरी असलेल्या कॉम्प्युटरवर. आपण फक्त एक पॅकेज इन्स्टॉल करायचं."

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. आमचं पॅकेज भागांच्या मापांचे आलेख काढणार होतं. पण शेठनी त्या वाक्यातला 'इन्स्टॉल' हा एकच शब्द ऐकला.

"मंग मुहूर्त बघा," ते म्हणाले.

मुहूर्त निघाला. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, तो इतका जाड की स्क्रीनचा वरचा भाग दिसेना. नारळ कुठे फोडायचा यावर चर्चा झाली आणि शेवटी तो ऑफिसच्या उंबऱ्यावर फुटला. मी एक ओळ टाइप केली. स्क्रीनवर भराभर अक्षरं धावली आणि थांबली.

"झालं?" शेठ.

"झालं."

"आवाज न्हाई काय न्हाई," ते जरा हिरमुसले. तरी पेढे वाटले, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोटबुक उघडली, तर लाल अक्षरात उत्तर आलं: असं कुठलंही पॅकेज इथे नाही. मी घाबरले. सल्लागाराला फोन लावला. तो जांभई देत म्हणाला, "मॅडम, सेशन संपलं की सगळं पुसलं जातं. दर वेळी परत इन्स्टॉल करायचं. नॉर्मल आहे."

हे नॉर्मल शेठना सांगायचं माझ्या वाट्याला आलं.

"काल बसवलं नव्हं?"

"बसवलं होतं शेठ. पण तो कॉम्प्युटर आपला नाही. आपण बंद केलं की त्याचे मालक आपलं सामान काढून टाकतात. आज दुसरा रिकामा कॉम्प्युटर मिळाला."

"म्हंजी लॉजची खोली हाय," शेठ म्हणाले. "आणि त्या खोलीला आमी हार घातला व्हय?"

मला हसू आवरेना, पण त्यांच्या तोंडाकडे बघून आवरलं. त्या दिवसापासून इन्स्टॉलची ओळ नोटबुकमध्ये सगळ्यात वर लिहिली आणि रोज सकाळी ती आधी चालवायची असं ठरलं.

गिऱ्हाइकाचा ऑडिटर तपासणीला आला त्या सकाळीही मी ती चालवली. नेमकी त्याच दिवशी पॅकेजची नवी आवृत्ती निघाली होती. तीच आपोआप उतरली आणि आमचा जुना कोड तिला पटेना. आलेखाच्या जागी पानभर लाल अक्षरं. सल्लागार "डिपेन्डन्सी, डिपेन्डन्सी" असं पुटपुटत मोबाइल घेऊन बाहेर गेला. मी ओळीत जुन्या आवृत्तीचा नंबर घातला, सेशन बंद करून परत सुरू केलं आणि पुन्हा इन्स्टॉल केलं.

"हे काय चाललंय?" ऑडिटरने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "सायेब, आमी रोज नव्यानं बसवतो. कालचं बसवलेलं आज चालवत न्हाई."

ऑडिटरच्या चेहऱ्यावर आदर दिसला. त्याने काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात आलेख आला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढे एकदा त्याच आलेखात एका भोकाचं माप हळूहळू सरकताना मला दिसलं. भोक पाडणारा पंच झिजला होता. आम्ही तो वेळेत बदलला आणि माल परत यायचा वाचला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

ऑडिटरच्या टिपणाची मेल मात्र सगळ्या पुरवठादारांना गेली: पॅकेज दररोज सकाळी नव्याने इन्स्टॉल करावे. थोड्याच दिवसांत शेजारच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरचा मला फोन आला.

"ताई, आमचा कॉम्प्युटर आमचाच आहे. पॅकेज बसलेलंच असतं. परत बसवायला गेलं की म्हणतं, आधीच आहे. काय करायचं?"

"काही करू नका. चाललंय ना?"

"चाललंय. पण मेलमध्ये लिहिलंय ना, रोज नव्याने."

"अहो, ते क्लाउडवाल्यांसाठी. आमचं पुसलं जातं म्हणून आम्ही बसवतो."

तो विचारात पडला. मग एकदम त्याचा आवाज उजळला. "म्हणजे आमचंही रोज पुसलं गेलं पाहिजे! सेकंड शिफ्टला काढून टाकायला एक माणूस ठेवतो."

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने आभार मानून फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याने खरंच माणूस ठेवला.