चंचीची सुरुवात

मेक तिजोहला माणसं फारशी पटत नसत, आणि शहाणी माणसं तर मुळीच नाहीत. बाचोक गावच्या किनाऱ्यावर केवड्याच्या पाती उकळून, वाळवून ती चटया आणि पानाच्या चंच्या विणायची. पंचावन्नाव्या वर्षी, वैधव्याला दहा वर्षं झाल्यावर, तिने पोक सोहशी लग्न करायचं ठरवलं. तो किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा विधुर, कानाने थोडा कमी आणि बोलायला त्याहून कमी. खोटं न बोलणारा एकच पुरुष तिला उभ्या जन्मात सापडला होता आणि तो तिला हवा होता.

आडवा आला गावचा इमाम, लेबाई देरामान. मदरशात जेमतेम चार महिने काढलेला, त्यामुळे उथळ पाण्याचा खळखळाट चालूच. निकाहाआधी नवरदेवाला धर्माचे प्रश्न विचारायची आमच्याकडे रीतच आहे, पण बरे इमाम दोन प्रश्न विचारतात आणि चहा मागवतात. हा विचारायचा, जग नवं की जुनं?

किताबांच्या बोलीत जे कधीतरी सुरू झालं ते नवं आणि ज्याला सुरुवातच नाही ते जुनं. तसा जुना एक अल्लाच. हे पोक सोहला कोणी सांगितलं होतं? लेबाईच्या पडवीत बसल्या बसल्या त्याने वर पाहिलं आणि खरं ते सांगितलं.

"जुनं. तुमचं हे छप्परसुद्धा कुजलंय."

लेबाईने कानांना हात लावले आणि त्याला घरी पाठवलं. मेक तिजोहने मग आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतलं की नवं म्हण आणि पुढे तोंड उघडू नकोस. पुढच्या शुक्रवारी तो नवं म्हणाला. का, असं विचारून लेबाईने उत्तरही स्वतःच दिलं. जगाला काठ आहे, आणि ज्याला काठ त्याला सुरुवात असलीच पाहिजे. दिवसांना सुरुवात नसती तर आजचा दिवस पोचलाच नसता. कळलं ना? पोक सोहने नाही म्हणून मान हलवली. हा पुरावा स्वतःच्या तोंडाने देशील तेव्हाच निकाह, असं लेबाईने चारचौघांत सुनावलं.

पोपटाने माणसाची परीक्षा घ्यावी तसला प्रकार. मेक तिजोह उठली आणि लेबाईसमोर तळहाताएवढी चंची ठेवली.

"इमामसाहेब, हिला चारी बाजूंनी काठ आहे. सुरुवात कुठंय ते दाखवा."

लेबाईने ती उलटीसुलटी केली, नखाने टोकरली. टोकं आत दडवणं हेच तर तिचं कसब. पुढच्या शुक्रवारी सांगतो म्हणाला आणि चंची घेऊन गेला.

शुक्रवारी त्याने रुमाल सोडला. आत नुसत्या पाती होत्या. शहाण्याने चंची उसवली होती.

"सुरुवात तळाच्या मधोमध होती," तो पुटपुटला.

"आणि काठावरून सांगत होता होय? आता विणा परत," मेक तिजोह म्हणाली.

त्याला येईना. हे विणणारीचं काम आहे, असं तो म्हणाला.

"मग सुरुवात होती हे तुम्हाला कशावरून माहीत होतं? काठावरून, की विणणारी ठाऊक होती म्हणून? विणणारा वर आहे, एवढं ह्या पोक सोहला लहानपणापासून कळतंय. तुमचे शब्द तेवढे येत नाहीत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. लेबाईने घसा साफ केला, साक्षीदार बसवले आणि मुकाट्याने निकाह लावला. पण खोड जात नाही. उठता उठता त्याने पोक सोहच्या कानाशी ओरडून विचारलंच, "आता सांग, जग नवं की जुनं?"

पोक सोहने मेक तिजोहकडे पाहिलं.

"नवं. आत्ताच सुरू झालं."

आणि त्याला खोटं बोलता येत नसे.