जेठांच्या सायकलीमागे

माझ्या जेठांची सायकल चालते आहे की उभी आहे, हे लांबून बघणाऱ्याला सांगता यायचं नाही. ते मसाटच्या एका कारखान्यात माळी होते. झाडं काही भोंगा वाजवत नाहीत, त्यामुळे त्यांना घाई ठाऊकच नव्हती. सकाळी मी आधी त्यांचा डबा भरून द्यायचे. ते निघाले की ह्यांचा डबा, मग माझा, आणि मग लुना बाहेर काढायचे. सिल्वासातून मसाटला जायचा आमचा रस्ता एकच. नाका आला की जेठ पुढे दिसायचेच.

आणि जेठांच्या पुढे जायचं नसतं. आमच्या खानदेशात नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पदर घ्यायचा, बोलायचं नाही, पुढून चालायचं नाही. लुनावर असताना काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांनी शिकवलं ते फक्त ब्रेक आणि रेस. म्हणून मी चालण्याचाच नियम लुनालाही लावला.

मोकळ्या रस्त्यावर त्याने कुणाचं काही अडलं नसतं. पण नाक्यावर मालाच्या ट्रकची पावती फाटायची, आणि पावती हातात पडली की ड्रायव्हर शाळा सुटल्यासारखे सुटायचे. एका ट्रकने तर पावतीवाल्याची टपरीच उडवली होती. तो पाणी प्यायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. तेव्हापासून तिथे चुना लावलेल्या ड्रमांची अरुंद गल्ली केली, ‘वाहने हळू चालवा’ अशी पाटी ठोकली आणि एक हवालदार उभा केला. वेग मोजायचं यंत्र वगैरे काही नव्हतं. त्याचा डोळा आणि त्याची शिट्टी. ड्रायव्हर दोघांनाही जुमानत नव्हते.

तर त्या गल्लीत पुढे जेठ, मागे पदर दातात धरून मी आणि माझ्या मागे ट्रक, टेम्पो आणि सगळ्यांचे हॉर्न.

“ओ बहनजी, सो गयी क्या?”

“अरे बारात है, बारात! दूल्हा साइकिल पे है!”

जेठांना दूल्हा म्हटलेलं ऐकून मला वाटायचं, डांबर फाटावं आणि मी लुनासकट आत जावं. जेठ मागे वळून बघायचे नाहीत. त्यांनीही मला बघायचं नसतंच ना.

पहिल्यांदा हवालदार माझ्याजवळ आला. डहाणूकडचा होता. “ताई, जा ना पुढे. सायकलीच्या बाजूने आरामात निघेल गाडी.”

मी नाही म्हणून मान हलवली.

“बिघडली का?”

पुन्हा मान हलवली. शेवटी शेजारच्या ड्रमाकडे बघत मी म्हणाले, “जेठ आहेत.”

“कोण?”

“ह्यांचे मोठे भाऊ.”

त्याने एकदा जेठांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग मागे मुंगीच्या पावलांनी येणाऱ्या ट्रकांकडे. त्याचा चेहरा असा खुलला, जणू बदलीची ऑर्डर आली. “मग नका जाऊ. अजिबात नका जाऊ. शिट्टी फुंकून फुंकून माझे गाल दुखले, ताई. ह्या ट्रकांना इतकं हळू आजवर कुणी चालवलं नव्हतं.”

मग तो रोज आमची वाट बघू लागला. लांबून दिसलो की पावतीवाल्याला ओरडून सांगायचा, “आले रे, आपले स्पीड ब्रेकर आले!”

त्याचं काम झालं, माझं मात्र बिघडत चाललं. मी सुताच्या कारखान्यात बॉबिन पॅकिंगला नवीन लागले होते. काही बायकांना कायम करणार होते. मला ती नोकरी हवी होती. घरी मी कुणाची सून, कुणाची वहिनी. तिथे मला माझं नाव घेऊन हाक मारायचे. पण मी रोज भोंगा झाल्यावर पोचायचे. एक दिवस सुपरवायझर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, “उद्या उशीर झाला, तर परवापासून घरीच पापड लाट.”

रात्री मी ह्यांना सांगितलं.

“मग जा ना पुढे. दादा कुठे बघतात?”

“तुम्हीच सांगा त्यांना.”

“मी? मी अजून त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही!”

दुसऱ्या दिवशी नेमका गॅस संपला. स्टोव्ह पेटवून डबे होईतो उशीर झाला. नाक्याला पोचले तर जेठ नुकते गल्लीत शिरत होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“काय झालं, ताई?” हवालदाराने विचारलं.

“भोंगा होईल,” मी म्हणाले. “माझी नोकरी जाईल.”

त्याने मागच्या ट्रकांकडे बघून एक मोठा उसासा टाकला. मग धावत पुढे गेला आणि जेठांच्या समोर हात आडवा करून अशी शिट्टी मारली की शेवटच्या ट्रकनेही ब्रेक दाबला.

“ओ काका! थांबा! वेग किती आहे?”

जेठांनी एक पाय खाली टेकला. “कुनाचा?”

“तुमचा! पाटी दिसत नाही का? घ्या सायकल बाजूला. ब्रेक बघू!”

त्याने त्यांना ड्रमांच्या पलीकडे नेलं, तोंड शेताकडे करून उभं केलं आणि स्वतः चाकाशी वाकला. एक हात ब्रेकवर. दुसरा हात पाठीमागून मला खुणावत होता, जा, जा. उभ्या माणसाच्या मागून गेलं तर ते पुढे जाणं होत नाही, असं मी मनाला समजावलं आणि निघाले. गल्ली संपल्यावर जन्मात पहिल्यांदा रेस पूर्ण पिळली. पदर डोक्यावरून कधी उडाला कळलं नाही. भोंगा वाजत असताना मी फाटकातून आत शिरले. बाईंनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, माझे विस्कटलेले केस पाहिले, आणि हजेरीची वही पुढे सरकवली.

संध्याकाळी ओसरीवरून जेठांचा आवाज आला. जेठाणीला सांगत होते, “आज माले पोलिसनी धरं.”

“काबर?”

“जोरात होतो म्हने.”

जेठाणीच्या हातातलं ताक सांडलं. “तुम्ही? जोरात? शेळी पुढे जाते तुमच्या!”

“पोलीस खोटं बोलंल का?” जेठ म्हणाले. मग चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन त्यांनी ती बातमी सांगितली. मी आत पोळ्या लाटत होते. ते खरंच फसले की काय, ते मला कळेना.

सकाळी मी नाक्याला पोचले. जेठ पुढे होतेच. हवालदाराने शिट्टी तोंडाला लावायच्या आधीच ते सायकलवरून उतरले, आपणहून ड्रमांच्या पलीकडे गेले, तोंड शेताकडे केलं आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “ब्रेक पाहून घ्या साहेब. अन् निवांत पहा.”