हवेला प्रत देणारे मामा

जगात हवा खाणारी माणसं पुष्कळ असतील, पण हवेला प्रत देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मानवतच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाचा चिमूटभर झुपका घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, एक डोळा मिटायचा आणि प्रत सांगून टाकायची. उत्तम असला तर ‘सुपर’. किडका, पिवळा, पावसात भिजलेला असला तर ‘कवडी’. त्या एका शब्दावर शेतकरी हसत घरी जायचा किंवा केंद्राबाहेर उभा राहून मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मामा दोन्हीकडे सारख्याच शांतपणे बघायचे.

पंचाईत अशी की केंद्र सुटलं तरी मामांचे अंगठे सुटत नसत. आत्याच्या पुरणपोळीचा तुकडा ते आधी ओढून बघत, मग खात. न्हाव्याकडे गेले की कापलेल्या केसांना प्रत देऊन येत. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही पाथरीला गेलो, तेव्हा पोहे संपेपर्यंत हे नुसते नाक वर करून बसले होते. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, “काय म्हणता दाजी, कशी हाय मुलगी?” मामा म्हणाले, “मुलगी सुपर. पण घर पिठाच्या गिरणीला लागून हाय. हवा कवडी.” मी त्याच मुलीशी लग्न केलं. आजही भांडण झालं की ती म्हणते, तुमच्या घरात मला समजून घेणारे तेवढे एक मामाच होते.

हवेचं हे खूळ मात्र उगाच आलेलं नव्हतं. आत्याला दमा होता. दिवाळीनंतर गावातलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, सुरू झालं की तिची छाती वाजायला लागायची, ती होळीपर्यंत. जिनिंगच्या पंख्याचं नळकांडं मागच्या बाजूला उघडं होतं. त्यातून दिवसभर कापसाचं तूस आणि धूळ उडायची, ती आधी लागूनच्या भीमनगरवर आणि मग आमच्या आत्याच्या गल्लीवर बसायची. मी तेव्हा मानवतच्याच शाळेत नवा मास्तर होतो आणि आत्याकडेच जेवायला होतो. एका हंगामात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “ग्रेडरसाहेब, एक तर धूळ थांबवा, न्हाई तर बाईंना दरवर्षी चार महिने माहेरी बोरीला ठेवा.” माझे वडील तर न्यायला तयारच होते. मामांचा चेहरा मात्र असा उतरला की त्या दिवशी त्यांनी भाकरीसुद्धा न ओढता खाल्ली. चार महिने आत्या घरात नाही, ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच प्रतीत बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते जिनिंगच्या शेठजींकडे गेले. पंख्याच्या तोंडाशी धूळ कोंडायला एक खोली बांधा, एवढंच म्हणणं. शेठजी माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता. म्हणाला, “साहेब, धूळ माझीच कशावरून? रस्त्याची असंल. सबूत दाखवा, उद्या खोली बांधतो.”

सबूत! मामांनी मांजरपाटाचं अख्खं ठाण आणलं, त्याचे रुमालाएवढे तुकडे केले आणि गावात बारा ठिकाणी बांधले. दवाखान्याच्या खिडकीला, शाळेच्या गजांना, एसटी स्टँडवर. एक तुकडा भीमनगरात सुभद्राबाईंच्या दारावर. त्या जिनिंगमध्येच कामाला होत्या आणि खोकल्याच्या बाबतीत आत्याच्या मैत्रीण होत्या. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. एका ओट्यावर बसणारी माणसं उठून दोन ओट्यांवर गेली होती, एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकताना विचार करत होती. मामा मात्र सायकलवरून दोन्हीकडे सारखेच फिरायचे. दर रविवारी तुकडे उतरवायचे, प्रत लावायची, चिठ्ठी टाचून ट्रंकेत ठेवायचे. सुभद्राबाई म्हणायच्या, “सायेब, आमच्या फडक्याला कदी सुपर देताव?” मामा म्हणायचे, “बाई, माल तसा यायला पायजे ना.”

संक्रांतीनंतर शेठजींना चहाला बोलावलं. डॉक्टर आणि सुभद्राबाईही येणार होत्या. आदल्या दिवशी मामा कामासाठी परभणीला गेले, आणि पाहुण्यांसाठी चादर काढायला म्हणून आत्यानं नेमकी ती ट्रंक उघडली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर मामा मोठ्या रुबाबात म्हणाले, “शेठजी, आता बघा,” आणि त्यांनी ट्रंकेचं झाकण वर केलं. आत बगळ्यासारखी पांढरी, निळीतून काढलेली, इस्त्रीच्या घड्या घातलेली फडकी. मामांनी वरची घडी उचलली, अंगठ्यांत ओढली आणि नुसत्या सवयीनं बोलून गेले, “सुपर.”

आत्या दारातून म्हणाली, “एवढी मोठी मान्सं घरी येनार, अन् ट्रंकेत लय घान फडकी! मी सोड्यात उकळून काढली सगळी.” चिठ्ठ्या तिनं चुलीत घातल्या होत्या. चहाच्या ट्रेमध्येसुद्धा एक फडकं अंथरलेलं होतं. शेठजी खो खो हसायला लागले. मामा असे बसले की मला त्यांच्याकडे बघवेना. बोरीची एसटी त्यांना दिसायला लागली असणार.

सुभद्राबाईंनी तेवढ्यात विचारलं, “आक्का, धुन्याचं पानी कुटंय?”

“हाय की न्हानीपाशी टिपाडात. टाकते व्हय? पारिजातकाला घालायचंय.”

सगळे उठून न्हाणीपाशी गेलो. तळाला बोट बुडेल एवढा काळा गाळ बसला होता आणि वर सायीसारखं तूस तरंगत होतं. मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू ग्रेडर परत आला. त्यांनी बाही वर केली, तरंगणारा झुपका उचलला, पिळला, फुंकर मारून मोकळा केला आणि अंगठ्यांत ओढला. एक डोळा मिटला.

“शेठजी, रस्त्याची धूळ तळाला बसली. हा वर तरंगतोय, तो तुमचा माल. लांब धागा, ह्याच हंगामाचा. घेऊन जा.”

शेठजींनी तो ओला झुपका हातात घेतला. हसणं थांबलं होतं. आत्या बाजूला भिंतीला धरून खोकत होती, तिकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “बांधतो साहेब.” पुढच्या दिवाळीआधी खोली उभी राहिली. आत्याचा दमा गेला नाही, पण ती बोरीला गेली नाही. सुभद्राबाईंच्या फडक्याला एकदा सुपर मिळालं, तेव्हा त्यांनी भीमनगरात पेढे वाटले.

मामा निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. माझी बदली झाली, जाणं कमी झालं. मागे गेलो तेव्हा आत्याच्या खिडकीला मांजरपाटाचा एक तुकडा बांधलेला दिसला. मी म्हटलं, “आत्या, हे आता कशाला? प्रत कोण देतं?”

“मला कुटं येती त्यांच्यासारखी प्रत देता,” आत्या म्हणाली. “जिनिंग सुरू झालं की फडकं बांधते. रविवारी सोडते. अन् त्यांच्या फोटोपुडं हुबी राहून मोठा श्वास घिऊन दावते. एवढंच पायजे होतं ना त्या मान्साला.”