आधी हेडर का आधी कंपायलर?

लोकहो, सकाळपासून जठारपेठच्या घरात एकाच एररमधी फसली आहे मी.

वरूडच्या मामाकडे संत्रं निवडायची मशीन आहे. तिच्यातल्या छोट्या बोर्डासाठी लॅपटॉपवर कंपायलर, म्हणजे माझा कोड बोर्डाच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, बनवून राहिली. कंपायलरची मदतनीस लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, म्हणते, सी भाषेच्या लायब्ररीच्या हेडर फाइली आण. सी लायब्ररी म्हणते, आधी कंपायलर पूर्ण कर. जावं कुठं माणसानं?

चिडून लॅपटॉपच्याच हेडर फाइली देल्या. चहा उकळायच्या आत स्क्रीनभर नवे एरर! बोर्ड वेगळा, फाइली लॅपटॉपच्या, जमन कसं?

तेवढ्यात मामाचा फोन आला. "काहून वं, अजून अडकलीच आहे का?"

मी सगळं सांगितलं. मामा म्हणे, "आमी पेट्यांवर चिठ्ठ्या आधीच लावून ठेवतो. माल मंग येते."

अरे, हेडर म्हणजे चिठ्ठीच! आत काय येणार, एवढंच सांगते. बोर्डाच्या सी लायब्ररीच्या नुसत्या हेडर फाइली आधी टाकल्या, अन् मदतनीस लायब्ररी बनली. आनंदात मामाले म्हटलं, "झालं!"

मंग सी लायब्ररी बनवाले घेतली, तर तिले दुसरंच हेडर सापडत नाही. अन् तिकडं मामानं मशीनवर निवडाले उद्याचा माल बोलावला.

सांगा बरं, एकदा म्हटलेलं "झालं" वापस कसं घेता तुमी?