पिशवीत उरलेलं बेलपान
फुलवाल्याकडे ओल्या बेलाचा वास आला की मला वडिलांच्या ऑपरेशनचा आदला दिवस आठवतो. त्यांच्यासाठी आईनं सोलापूरच्या अडुसष्ट लिंगांची पायी प्रदक्षिणा करायचं ठरवलं होतं, आणि शेवटच्या लिंगापर्यंत ती पाण्याचा थेंबही घेणार नव्हती. मी घरीच अडुसष्ट बेलपानं दोनदा मोजून पिशवीत घातली. प्रत्येक लिंगाला एक पान, म्हणजे वाटेत वेगळी मोजणी नको. किल्ल्याच्या तटाजवळून, बाळीवेशीतल्या बोळांतून, माणिक चौकातल्या गर्दीतून आई अनवाणी पुढे आणि मी घड्याळ बघत मागे. दुपारनंतर तिची पावलं वाकडी पडायला लागली. तळ्याकाठी देवळाशी शेवटच्या लिंगावर तिनं पान वाहिलं, आणि पिशवीत माझ्या बोटांना आणखी एक पान लागलं. कुठल्यातरी गल्लीत एक लिंग राहून गेलं होतं. आई पायरीवर बसून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती. "झाली का रं समदी?" "झाली की. अडुसष्ट," पान खिशात कोंबत मी म्हणालो. "तू मोजलंस म्हंजे बरोबरच. तुजा बा आसता तर अंदाजपंचेच चालला आसता," म्हणून ती हसली आणि गटागटा पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन संपेपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. वडील बरे झाले. पोरानं एकही लिंग चुकू दिलं नाही, असं आई पाहुण्यांना अजून सांगते. ती सांगायला लागली की मी उठून आत जातो.